पाव इंचाचा प्रश्न

"पानं तिरकी नि उलटी लावली म्हणून कुणी घाबरत नाही. ही डीटीपीची करामत आहे, कादंबरी नव्हे." आमच्या वाचनकट्ट्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी हे ऐकवलं आणि समोरचं जाडजूड पुस्तक मिटून बाजूला सारलं. पुस्तक होतं 'हाउस ऑफ लीव्ह्ज'. मार्क झेड. डॅनिएलेव्स्की या अमेरिकी लेखकाची २००० साली आलेली, सातशेहून जास्त पानांची भयकादंबरी. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण मित्राने ती चार वेळा वाचली आहे. तो उसळला. ज्यांना हे पुस्तक कंटाळवाणं वाटतं त्यांना ते कळलेलंच नाही, कारण कंटाळा लेखकाने मुद्दाम पेरलाय, असं त्याचं म्हणणं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यातला बराच भाग मला थोर वाटतो आणि बराचसा मला सोसवत नाही. त्या संध्याकाळी त्या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: हे काही मत नव्हे, एकदाचं काय ते ठरवा.

माझं ठरलेलं आहे, आणि ते इथे सविस्तर मांडते. तेव्हा चहाच्या कपांच्या गडबडीत ते नीट सांगता आलं नाही.

आधी 'डीटीपीची करामत' या शब्दांबद्दल. मी पुस्तकांची पानं लावते. वीस वर्षांहून अधिक काळ माझं पोट याच कामावर चाललं आहे. हस्तलिखित येतं, मी समास ठरवते, टंक निवडते, तळटिपा त्या त्या पानावरच बसतील हे बघते, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर जाऊन पोरकी होऊ नये म्हणून वरच्या ओळी सैल-घट्ट करते. चांगलं पान वाचकाला दिसत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. पान जाणवायला लागलं की काहीतरी चुकलं. त्यामुळे हे पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीही कपाळाला आठ्या घातल्या होत्या. एखाद्या पानावर चारच शब्द, एखाद्या पानावर ओळी आडव्या, उभ्या, उलट्या, मधोमध निळ्या रेघांची चौकट. आमच्या कामात असं पान कुणी आणून दाखवलं तर फाइल बिघडली असंच समजतात.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. विल नॅव्हिडसन हा पुलित्झर मिळवलेला वृत्तछायाचित्रकार. तो, त्याची जोडीदार कॅरन ग्रीन आणि चॅड व डेझी ही दोन मुलं व्हर्जिनियातल्या ॲश ट्री लेनवरच्या एका घरात राहायला येतात. एकदा सगळे बाहेरगावाहून परततात, तर त्या दोघांची खोली आणि मुलांची खोली यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा तयार झालेली असते. जाताना ती नव्हती. नॅव्हिडसन घर मोजायला घेतो. आतली रुंदी बाहेरच्या रुंदीपेक्षा पाव इंच जास्त भरते. पुन्हा मोजलं तरी पाव इंच. अभियंता मित्र बिली रेस्टन चांगली यंत्रं घेऊन येतो, भाऊ टॉम येतो, आणि फरक मिटायच्या ऐवजी थोडा वाढतो. मग दिवाणखान्याच्या भिंतीत एक दार उगवतं. दाराआड काळोखी, गार बोळ. बोळातून खोल्या, खोल्यांतून प्रचंड दालन, दालनात गोल जिना.

ही गोष्ट आपल्याला थेट कुणी सांगत नाही. नॅव्हिडसनने यावर चित्रपट केला, त्या चित्रपटावर झाम्पानो नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्याने तळटिपांनी ठासून भरलेला विद्वज्जड प्रबंध लिहिला, म्हातारा मेल्यावर त्याची कागदांनी भरलेली पेटी लॉस एंजेलिसमधल्या गोंदण्याच्या दुकानात काम करणाऱ्या जॉनी ट्रुअंटच्या हाती आली, जॉनीने ते कागद लावले आणि त्यांना स्वतःच्या टिपा जोडल्या, आणि त्यावर अनाम संपादकांनी आपल्या टिपा घातल्या. जॉनी सुरुवातीलाच सांगून टाकतो की असा चित्रपट मुळात नाहीच. प्रत्येकाचा टंक वेगळा. रंगीत आवृत्तीत 'घर' हा शब्द जिथे येईल तिथे निळा.

आता आमच्या ज्येष्ठांचा आक्षेप. त्यांनी मला आव्हानच दिलं होतं: मांडणी काढून टाका आणि सांगा काय उरतं. मी ते अक्षरशः करून पाहिलं. जिन्याचा भाग घेतला. वर टॉम आणि रेस्टन, तळाशी नॅव्हिडसन एकटा, मध्ये दोर. जिना खाली ताणला जायला लागतो, पायऱ्या लांबतात, दोर ताठ होतो आणि तुटतो. हा मजकूर मी संगणकावर सलग टाइप केला. नेहमीचा टंक, नेहमीचे समास, नेहमीचं ओळअंतर, आमच्याकडे कुठलीही कादंबरी लावतो तसा. पुस्तकात कितीतरी पानांवर पसरलेला मजकूर मोजक्या पानांत येऊन बसला. दोर तुटण्याचा शब्द एका ओळीच्या मध्यावर आला. वाचायला अर्धा सेकंदही लागला नाही. डोळा त्यावरून घसरून पुढच्या वाक्यावर गेला.

पुस्तकात तोच शब्द तुकडे होऊन वेगवेगळ्या पानांवर पडतो. त्याआधीच्या पानांवर शब्द कमी कमी होत गेलेले असतात, म्हणून पानं भराभर उलटायला लागतात. डोळ्यांना काम उरत नाही, हाताला घाई होते. वाचकाच्या हाताचा वेग आणि दोराचा ताण एकाच वेळी वाढतात. शब्दाचा एक तुकडा वाचला की पुढच्या तुकड्यासाठी पान उलटावं लागतं, आणि ते उलटणारा हात आपला असतो. दोर आपणच तोडतो. सलग टाइप केलेल्या मजकुरात यातलं काहीही शिल्लक राहिलं नाही.

म्हणजे काढून टाकता येईल अशी ती सजावट नव्हतीच. तिथे मांडणी हेच कथन आहे. 'करामत' हा शब्द ज्याला लावायचा त्याला लावावा, पण आधी हा प्रयोग करून बघावा, एवढीच माझी विनंती आहे.

त्यानंतरचं पाऊल तर मला अजून झोप लागू देत नाही. नॅव्हिडसन तळाशी थांबलेला असताना वरून पडलेलं एक नाणं त्याच्याजवळ येऊन आदळतं. किमान पन्नास मिनिटांनी. तळटीप शांतपणे गणित मांडते: तीन हजार सेकंद, सोळा गुणिले त्याचा वर्ग, इतके फूट. उत्तर येतं २७,२७३ मैल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे २४,९०० मैल आहे. मी ते गणित कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. पृथ्वीला विळखा घालून उरेल एवढ्या खोलीचा जिना, एका कुटुंबाच्या दिवाणखान्याखाली. कुठलाही हात नाही, चेहरा नाही, रक्त नाही. एक आकडा आहे, तोही तळटिपेत, बारीक टंकात. भयकथेत आकड्याने इतका गारठा आणलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ज्येष्ठांचा दुसरा मुद्दा जास्त जिव्हाळ्याचा होता. ते म्हणाले, नारायण धारपांनी दोन पानांत जे केलं त्यासाठी या माणसाला सातशे पानं लागतात. धारप माझ्याही लहानपणाचे. वाचनालयाच्या कव्हर घातलेल्या त्या प्रती रात्री पांघरुणात वाचून सकाळी परत करायच्या, हे माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी केलेलं आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांमधला शेवटच्या ओळीचा झटकाही मला ठाऊक आहे. त्यांचं ऋण मी कशाला नाकारू? पण धारपांच्या जगात अशुभाला नाव असतं, इतिहास असतो, आणि त्याच्यासमोर उभा राहणारा समर्थांसारखा जाणता माणूस असतो. वाड्यात काय घडलं हे कळलं की भीतीला आकार येतो. ॲश ट्री लेनच्या घराला हे काहीच नाही. त्याच्यात कुणी मेलं म्हणून ते असं झालेलं नाही. कादंबरी कारण देण्याऐवजी गोष्ट आणखी मागे ढकलते: १६१० च्या हिवाळ्यातल्या इंग्रज वसाहतकऱ्यांच्या रोजनिशीतही त्या भूमीवर जिना सापडल्याची नोंद येते. आधी जिना, मग घर. ज्या भीतीला कारण नाही तिला उतारा नाही. या दोन वेगळ्या भीती आहेत, आणि एकीची फूटपट्टी दुसरीला लावणं धारपांवरही अन्याय आहे.

चक्रव्यूहाच्या प्रकरणात एक निळी चौकट येते. पानाच्या मधोमध, खिडकीसारखी. तिच्यात यादी आहे: या घरात काय काय नाही. झडपा नाहीत, नळ नाहीत, दिवे नाहीत, कोनाडे, कठडे, खांबांचे नक्षीदार माथे नाहीत, असं पानांमागून पानं. पाठीमागच्या पानावर त्याच चौकटीत तोच मजकूर उलटा, आरशात दिसावा तसा. माझ्या व्यवसायातल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. कागद पातळ असला की पाठची छपाई पुढे दिसते, आणि पाठपोट छपाईतला तो दोष समजून ग्राहक माल परत करतो. डॅनिएलेव्स्कीने तो दोष मुद्दाम घडवला आणि पानाला काच केलं. आपण घराच्या भिंतीतून पलीकडे बघतो आणि पलीकडे पुन्हा नकारांचीच यादी असते. उपनिषदांतली नेति नेति माणसाला कुठेतरी नेऊन पोचवते, 'हे नाही, हे नाही' म्हणत म्हणत जे उरतं त्यापर्यंत. इथे सगळं नाकारून झाल्यावर राखाडी भिंत उरते. ती यादी अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज नाही, मीही वाचली नाही. तिच्यावरून नजर फिरवताना जे रितेपण अंगावर येतं ते पुरेसं आहे.

आणि एक जागा अशी आहे की ती माझ्या धंद्यातल्या लोकांनाच खरी टोचेल. झाम्पानोने लिहिलेलं असतं की हीटर बिघडला आहे. जॉनी टिपेत कबूल करतो की 'वॉटर' हा शब्द मी घातला, कारण त्या सकाळी माझ्याच घरी गरम पाणी नव्हतं. एकच शब्द. पण तिथून पुढे त्या पाचशे-सहाशे पानांतल्या कुठल्याही शब्दाबद्दल खात्री देता येत नाही. मी हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. खूप वर्षांपूर्वी एका दिवंगत लेखकाच्या अप्रकाशित कथांची पानं लावताना एका वाक्यात मला एक शब्द अडला. मूळ हस्तलिखित पाहिलं तर शब्द पुसट. मला जो योग्य वाटला तो मी घातला, आणि खूण करायची राहून गेली. पुस्तक छापून गेलं. आज तो शब्द त्या लेखकाचा म्हणून वाचला जातो. जॉनीची ती टीप वाचताना माझ्या हाताला जे झालं ते कुठल्याही भुताने केलं नसतं. मजकुरावर हात ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनातली भीती त्या एका शब्दात आहे.

इतकं सगळं मान्य करून आता आमच्या तरुण मित्राकडे वळते, कारण त्याचा बचाव मला आक्षेपापेक्षाही जास्त घातक वाटतो.

त्याचा युक्तिवाद असा: छायाचित्रकारांच्या नावांची पानंच्या पानं चालणारी यादी कंटाळवाणी आहे, कारण विद्वानांच्या तळटिपा अशाच निरर्थक असतात हे दाखवायचं आहे. झाम्पानोचे पंडिती उतारे लांबतात, कारण पांडित्याचं विडंबन करायचं आहे. जॉनीच्या दारूच्या नि बायकांच्या रात्री एकसारख्या वाटतात, कारण त्याचं आयुष्य तसंच रिकामं आहे. या पद्धतीने जगातल्या कुठल्याही वाईट पानाचं समर्थन करता येईल. कंटाळवाण्या गोष्टीचं विडंबन कंटाळवाणं झालं तर ते विडंबन फसलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे येणारा एखादा लेखक म्हणाला की या प्रकरणातल्या चुका मुद्दाम आहेत, तर मी मुद्दाम चुका ठेवीन, पण त्या चांगल्या आहेत असं म्हणणार नाही.

असं आधी कुणी केलंच नव्हतं, हा त्याचा दुसरा दावा. १७५९ साली लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'चे पहिले भाग आले. त्यात यॉरिक नावाचं पात्र मरतं आणि शोकासाठी पान काळं कुट्ट छापलेलं आहे. पाठपोट एकच काळं पान, आणि गोष्ट पुढे चालू लागते. १९६२ मध्ये नबोकोव्हची 'पेल फायर' आली. एक दीर्घ कविता आणि तिच्यावर एका भ्रमिष्ट संपादकाच्या टिपा, आणि त्या टिपांतून वेगळीच कादंबरी उभी राहते. तिथे टीपकाराचा आवाज एका पानावरही सैल पडत नाही. डॅनिएलेव्स्कीच्या आधी ही वाट चाललेली माणसं होती, आणि त्यांना कुठे थांबायचं हे ठाऊक होतं. जॉनीच्या भागात डॅनिएलेव्स्कीला ते ठाऊक नव्हतं. गोंदणाच्या दुकानातला तो प्रसंग, जिथे जॉनी वाचकालाच सांगतो की नजर कागदावर ठेवा, मागे काहीतरी आलेलं आहे, तो अप्रतिम आहे. पण तोच सूर पुढे शंभर पानं लावून धरला की त्याची धार जाते. त्यातल्या बायका तर माणसं नाहीतच, एका रात्रीनंतर दुसऱ्या रात्रीपर्यंत पोचवणारी स्थानकं आहेत. जॉनी त्यांना तसं पाहतो, लेखक नाही, असं मला सांगण्यात आलं. मग लेखक त्यांना वेगळं कुठे पाहतो ते एक पान तरी दाखवा.

याहून गंभीर तक्रार डीलायलची आहे, आणि तिच्याबद्दल कट्ट्यावर कुणी बोललंच नाही. नॅव्हिडसनला पुलित्झर मिळालं ते सुदानमधल्या भुकेने मरणाऱ्या एका मुलीच्या छायाचित्रासाठी. मुलीमागे गिधाड बसलेलं आहे. हे छायाचित्र कल्पनेतलं नाही. केव्हिन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने १९९३ मध्ये सुदानमध्ये असंच छायाचित्र काढलं, १९९४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली. कादंबरीत संपादकांची टीप हे साम्य उघडपणे नोंदवते. नॅव्हिडसन झोपेत 'डीलायल' म्हणतो, कॅरनला वाटतं ही कुणी दुसरी बाई. फार उशिरा कळतं की त्या मरणाऱ्या मुलीला नॅव्हिडसननेच मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव आहे. तो अपराधभाव त्याला पुन्हा त्या घरात नेतो.

नॅव्हिडसनचं पत्र वाचताना माझा गळा दाटला, हे मी लपवत नाही. पण पुस्तक मिटल्यावर संताप आला. या कादंबरीत इमारतींच्या नावांसाठी जागा आहे, छायाचित्रकारांच्या नावांसाठी पानं आहेत, घरात नसलेल्या प्रत्येक वस्तूसाठी चौकट आहे. त्या मुलीसाठी काय आहे? एका गोऱ्या माणसाने दिलेलं नाव, आणि त्याच्या अपराधगंडात एक जागा. ती कुणाची होती, कुठल्या गावची, तिच्या तोंडचा एक शब्द, काही नाही. तरुण मित्र म्हणेल, कादंबरी नेमकी याच पापावर बोट ठेवते. ठेवते, मान्य. पण बोट ठेवून तेच करत राहणं हे प्रायश्चित्त नव्हे. प्रत्यक्ष जगातल्या एका मुलाच्या उपासमारीचं चित्र उचलून ते आपल्या नायकाच्या अंतःकरणाच्या खोलीसाठी वापरलं, आणि वापरतो आहोत हे तळटिपेत सांगितलं, म्हणून हिशेब पूर्ण होत नाही. हजार प्रकारच्या टंकांची आणि मांडणीची ताकद असलेल्या लेखकाला तिच्यासाठी एक कोरं पान सोडता आलं असतं.

माझी मोजायची फीत एकच आहे. पान उलटंपालटं करायला लावलं, आरसा आणायला लावला, शोधायला लावलं, तर माझ्या त्या श्रमाच्या बदल्यात मला काहीतरी मिळालं पाहिजे. जिन्यावर मिळालं. नाण्याच्या गणितात मिळालं. नावांच्या याद्यांत नाही मिळालं, जॉनीच्या रात्रींत नाही मिळालं.

सगळ्यात जास्त मिळालं ते अशा ठिकाणी जिथे पान जवळजवळ साधंच आहे. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात जॉनीच्या आईची पत्रं आहेत. पेलाफिना तिचं नाव. मनोरुग्णांच्या एका संस्थेतून तिने मुलाला १९८२ ते १९८९ या काळात लिहिलेली ही पत्रं. सुरुवातीची सुसंस्कृत, लाघवी, थोडी नाटकी. मुलाचं कौतुक, इंग्रजीवरची हुकमत, आणि मधूनच पायाखालची फळी सरकल्यासारखं एखादं वाक्य. एका पत्रात ती मुलाला कळवते की पुढचं पत्र सांकेतिक असेल, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घे. पुढचं पत्र येतं आणि ते वाचताना काहीच अर्थ लागत नाही. शब्द धड इंग्रजी आहेत, वाक्यं नाहीत.

मी वहीचा कागद घेतला आणि पेन्सिलने एकेक पहिलं अक्षर लिहायला लागले. दुपारची वेळ, कामाची प्रुफं टेबलावर तशीच. पाच-सहा अक्षरांनंतर एक शब्द झाला. मग दुसरा. ओळ पुरी व्हायच्या आधी मला कळलं की ही बाई संस्थेत आपल्यावर लैंगिक अत्याचार होतात हे मुलाला सांगते आहे. ते छापलेलं नव्हतं. ते माझ्या अक्षरात, माझ्या कागदावर उमटत होतं. खरं असेल का तिचं? की आजाराचा भ्रम? कादंबरी ते ठरवू देत नाही. मी पेन्सिल थांबवली तर तिचं बोलणं थांबत होतं, आणि थांबवणं शक्य नव्हतं. ज्या मुलाला ते पत्र आलं तो तेव्हा किशोरवयीन होता. त्याने ते तसंच एकेक अक्षर करून वाचलं असेल ना, हा विचार आला आणि मग जॉनीबद्दलचा माझा बराचसा राग ओसरला. त्याची प्रकरणं त्यामुळे चांगली झाली नाहीत. माणूस म्हणून तो कळला, एवढं खरं.

याच पत्रांत ती मुलाला सांगते की पत्र पोचलं असेल तर उत्तराच्या कागदावर खालच्या उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण कर. ९७ व्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती खूण छापलेली आहे. पहिल्या वाचनात मला ती दिसलीही नव्हती. पानं लावणाऱ्या बाईला दिसली नव्हती! आमच्या कामात पानाच्या कोपऱ्यातला ठिपकाही सुटत नाही. दुसऱ्यांदा ती सापडली तेव्हा त्या आईचा हात सबंध पुस्तकावरून फिरलेला आहे की काय, या शंकेने मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

म्हणून कट्ट्यावरच्या त्या निकालाला माझा विरोध आहे. संमिश्र मत म्हणजे धाडस नसणं, असं दोघंही धरून चालले होते. आई-वडिलांबद्दल, गावाबद्दल, ज्या शाळेत आपण शिकलो तिच्याबद्दल आपलं मत एका शब्दात येत नाही, आणि तेव्हा कुणी आपल्याला भेकड म्हणत नाही. सातशे पानांच्या कादंबरीला थोर किंवा थोतांड यांपैकी एका खणात टाकलंच पाहिजे ही सक्ती वाचनातली नाही, निवडणुकीतली आहे. ज्येष्ठांनी मांडणी बघून पुस्तक मिटलं. तरुण मित्राने पुस्तकाला इतकं मानलं की त्यातलं पडकं पानही त्याला पवित्र वाटतं. दोघांनीही पानागणिक बघायचं टाळलं. डॅनिएलेव्स्कीचं नंतरचं काम पाहिलं तरी हाच पेच दिसतो. 'ओन्ली रेव्होल्यूशन्स' २००६ साली आली, पुस्तक सतत फिरवत वाचावं लागतं, आणि तिच्यात मला फिरवण्याचे श्रम जाणवले, मोबदला क्वचित. मग 'द फॅमिलियर' सत्तावीस खंडांत योजलेली, ती पाच खंडांवर थांबली. पहिल्या पुस्तकातली कमाई आणि उधळपट्टी दोन्ही त्याच्या स्वभावातलीच होती, हे त्यावरून मला अधिक स्पष्ट झालं.

माझा निकाल असा आहे. नॅव्हिडसनचं घर, जिना, नाणं, दोर, टॉमचं एकटं थांबणं आणि पेलाफिनाची पत्रं, एवढ्यासाठी हे पुस्तक गेल्या पंचवीस वर्षांतल्या भयसाहित्यात पहिल्या ओळीत बसतं. जॉनीच्या भागातला निम्मा मजकूर एखाद्या कठोर संपादकाने कापायला हवा होता. डीलायलच्या बाबतीत लेखकाने जे केलं ते मला मान्य नाही.

आणि ज्यांना हे पुस्तक वाचून बघायचं असेल त्यांना एक सुचवते. ७२ व्या पानावर संपादकांची एक टीप येते. पत्रांच्या परिशिष्टाकडे आत्ताच जावंसं वाटेल, असं ती सांगते. तिथे थांबा, शेवटच्या परिशिष्टाकडे जा, पेलाफिनाची सगळी पत्रं वाचा. सांकेतिक पत्राशी आलात की कागद-पेन्सिल घ्या आणि अक्षरं स्वतः लिहून काढा, कुणी सोडवून ठेवलेलं वाचू नका. मग ७३ वं पान उघडा.